बेडकाच्या पायांचा हिशेब

१ एप्रिल १९८७ पासून भारतातून बेडकाचे पाय परदेशी पाठवायला बंदी आली. त्याआधी जवळपास तीन दशकं हा धंदा राजरोस चालला होता. कोची, मुंबई, कलकत्ता, मद्रास या बंदरांतून गोठवलेल्या तंगड्यांची खोकी अमेरिकेला आणि युरोपला रवाना होत. सरकारी आकडेवारीत त्यांची नोंद कोळंबी आणि माकुलाच्या शेजारी, समुद्री उत्पादनांच्या यादीत होई. बेडूक भातखाचरातला, नोंद समुद्राच्या खात्यात. कारण साधं होतं: कोळंबी गोठवणाऱ्या कारखान्यांतच हे पायही गोठवले जात, आणि निर्यातदारही बहुतेक तेच होते. या चुकीच्या खात्यामुळे एक गोष्ट मात्र झाकली गेली. ज्या शेतातून हा माल उचलला जात होता, त्या शेताच्या खात्यावर काय खर्च पडतो आहे, हे बघायची जबाबदारी कोणाचीच उरली नाही.

निर्यात मुख्यतः दोन जातींची होती. त्यातला मोठा, मागणीचा बेडूक म्हणजे तेव्हाच्या पुस्तकांतला ‘राना टायग्रिना’. आज त्याचं शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. पडघा, अंबाडी, अनगाव, वज्रेश्वरी या बाजूच्या, म्हणजे भिवंडी तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा प्राणी नावानं नसला तरी आवाजानं ठाऊक असतो. उन्हाळाभर तो चिखलात, बांधाच्या पोटात दडून पडलेला असतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस कोसळला की एका रात्रीत बाहेर येतो. नर पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडतात. मादी साचलेल्या पाण्यात हजारो अंडी घालते. त्याची पिल्लंही मांसाहारी असतात. डबक्यातल्या डासांच्या अळ्या खातात, प्रसंगी दुसऱ्या बेडकांची पिल्लंही खातात.

भिवंडीची आज देशाला ओळख आहे ती यंत्रमागांमुळे. त्याआधीच्या भिवंडीचं पोट मात्र भातावर चालत होतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत या गावच्या व्यापारात तांदूळ आणि सुकी मासळी यांची नावं येतात. खाडीकाठची खारजमीन, तानसा, कामवारी आणि भातसेच्या काठची खाचरं, डोंगरउतारावरचा वरकस असा हा सगळा मुलूख खरिपाच्या एका पिकावर उभा होता. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसात त्यात रोपं टाकायची, तीन-चार आठवड्यांनी लावणी, नवरात्राच्या सुमारास पोटऱ्या आणि लोंब्या, दसरा-दिवाळीला कापणी.

या वेळापत्रकाला दुसरंही एक वेळापत्रक चिकटलेलं असतं. रोपं हिरवी झाली की खोडकिडीचे पतंग पानांवर अंडी घालतात, गादमाशी कोंब पोकळ करते, निळे भुंगेरे पानांचा हिरवा भाग खरवडतात, तुडतुडे बुंध्याशी बसून रस शोषतात, लष्करी अळी रातोरात पानं फस्त करते. शेतातले खेकडे, म्हणजे मुठे, बांधाला भोकं पाडून पाणी वाहून घालवतात आणि कोवळी रोपं कुरतडतात. बेडूक नेमका याच चार महिन्यांत जागा असतो आणि भुकेला असतो. किडे, अळ्या, गांडुळं, लहान खेकडे, उंदराची पिल्लं असं जे हलेल आणि तोंडात मावेल, ते त्याचं खाद्य. त्याच्यावर पाणदिवड, धामण आणि नाग टपलेले. वर वंचक, बगळे, घारी. मराठी शाळांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी बाणांनी जोडलेली अन्नसाखळी असते. ती खाचरात जशीच्या तशी उभी राहते, फक्त गवताच्या जागी भात येतो.

बाणांची ही चित्रं जुनी आहेत. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १९२७ साली ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ हे पुस्तक लिहिलं, त्यात साखळीबरोबर मनोराही मांडला. तळाशी असंख्य लहान जीव आणि वर जावं तसे थोडे, मोठे जीव. असं का, याचं मोजमापासकट उत्तर पंधरा वर्षांनी रेमंड लिंडमन या अमेरिकी तरुणानं दिलं. मिनेसोटात सीडर बॉग नावाचं उथळ, गाळानं भरत आलेलं एक तळं होतं. लिंडमननं त्यातल्या शेवाळापासून शिकारी किड्यांपर्यंत सगळ्यांच्या वाढीचं, श्वसनाचं, मरणाचं माप घेतलं आणि ते एकाच चलनात, उष्मांकांत मांडलं. ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकानं त्याचा लेख आधी नाकारला. परीक्षकांना तो फार सैद्धांतिक वाटला. येल विद्यापीठातल्या इव्हलिन हचिन्सन यांनी त्याची बाजू लावून धरली आणि १९४२ च्या ऑक्टोबरात लेख छापून आला. लिंडमन ते पाहायला नव्हता. दीर्घ आजारानं त्याच वर्षी जूनमध्ये, सत्ताविसाव्या वर्षी तो वारला होता.

लिंडमनचं म्हणणं थोडक्यात असं. वनस्पती सूर्याच्या उजेडातला अगदी छोटा हिस्सा पकडतात. वनस्पती खाणाऱ्याच्या अंगी त्यातला थोडाच भाग लागतो, आणि त्या प्राण्याला खाणाऱ्याच्या अंगी त्याहून थोडा. मधली ऊर्जा हालचालीत, श्वासात, जिवंत राहण्यात खर्च होते आणि उष्णता होऊन निघून जाते. ती परत येत नाही. माती, पाणी, नत्र पुन्हा पुन्हा फिरत राहतात. ऊर्जा एकाच दिशेनं वाहते. सीडर बॉगमध्ये वनस्पतींकडून शाकाहाऱ्यांकडे १३.३ टक्के आणि त्यांच्याकडून मांसाहाऱ्यांकडे २२.३ टक्के ऊर्जा पोचत होती. पुढे इतर तळ्यांची आणि कुरणांची मापं आली, आणि सरासरी म्हणून ‘दहा टक्के’ हा ठोकताळा रूढ झाला. प्रत्यक्षात हा आकडा प्राण्यागणिक बदलतो. बेडकाच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. त्याकडे येतोच.

निर्यातीची सुरुवात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. स्वतंत्र भारताला परकीय चलनाची चणचण होती आणि जे विकता येईल ते विकायचं हे धोरण होतं. फ्रान्स, बेल्जियम, अमेरिका इथे बेडकाचे पाय चवीनं खाल्ले जात, पण तिथल्या दलदली बुजवून झाल्या होत्या आणि स्थानिक बेडूक घटले होते. पुढे १९८० साली फ्रान्सनं आपल्याकडची धंदेवाईक बेडूक-पकड कायद्यानं थांबवली. खाणं थांबवलं नाही. मागणी आशियाकडे वळली.

पकडण्याची रीत देशभर सारखीच होती. पहिल्या पावसाच्या रात्री गॅसबत्ती किंवा विजेरी घेऊन खाचरात उतरायचं. उजेड डोळ्यांवर पडला की बेडूक थिजतो आणि हातानं उचलता येतो. हे काम करणारे बहुतेक भूमिहीन मजूर आणि आदिवासी. पावसाळ्यातले कापणीआधीचे दिवस त्यांना उपासमारीचे असत, आणि बेडकामागे मिळणारे थोडे पैसेही तेव्हा मोलाचे वाटत. त्यांच्या गोणी दलालाकडे, तिथून कारखान्याकडे जात. कारखान्यात जिवंत बेडूक कमरेशी कापला जाई. पाय सोलून बर्फात जात आणि धड बाजूच्या ढिगात पडे. या दृश्याची छायाचित्रं युरोपात पोचली तेव्हा तिथल्या प्राणिमित्र संस्थांनी गिऱ्हाइकांपुढे ती ठेवली. धंद्याविरुद्धचा पहिला मोठा आवाज उठला तो क्रूरतेबद्दल.

शेतीच्या दृष्टीनं मात्र पकडण्याची वेळ कापण्याइतकीच घातक होती. ज्या रात्री सगळे बेडूक एका जागी गोळा होतात, ती विणीची रात्र असते. तेव्हा उचललेल्या मादीच्या पोटात पुढच्या वर्षीचे बेडूक असतात, आणि शेतात उरतो तो किड्यांचा मोसम.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला धंदा शिगेला पोचला. १९८१ या एका वर्षात ४,००० टनांहून अधिक पाय देशाबाहेर गेले. चांगल्या वर्षात मिळणारं परकीय चलन कोटीभर डॉलरच्या घरात होतं. निर्यातदारांच्या वहीत हा व्यवहार इथे संपत होता. लिंडमनच्या पद्धतीनं तो पुढे चालवून पाहू.

पायांचं वजन बेडकाच्या एकूण वजनाच्या निम्म्याहून कमी भरतं. तरी हात सैल सोडून निम्मं धरू. म्हणजे ४,००० टन पायांसाठी निदान ८,००० टन बेडूक. दहा टक्क्यांचा ठोकताळा लावला, तर तेवढे बेडूक घडायला ८०,००० टन किडे-अळ्या लागल्या असणार, आणि त्या किड्यांना त्याच्या दहापट हिरवा पाला. पण बेडूक थंड रक्ताचा आहे. शरीर गरम ठेवण्यासाठी चिमणी किंवा उंदीर दिवसरात्र अन्न जाळतात. बेडकाला तो खर्च नाही, म्हणून खाल्लेल्याचा बराच मोठा वाटा त्याच्या मांसात उतरतो. दहाऐवजी पंचवीस टक्के धरले, तरी ३२,००० टन किडे होतात. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्याची दिशा बदलत नाही.

थंड रक्ताच्या या काटकसरीचं मोल अमेरिकेत १९७५ साली दिसलं. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक जंगलात थॉमस बर्टन आणि जीन लायकन्स यांनी सॅलॅमँडर हे बेडकाचे ओलसर जमिनीत राहणारे भाऊबंद मोजले. पानांखाली लपलेले हे बोटभर प्राणी कोणाच्या खिजगणतीत नव्हते. सगळ्यांचं मिळून वजन केलं, तर ते जंगलातल्या पक्ष्यांच्या ऐन विणीच्या हंगामातल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भरलं. किड्यांमधली विखुरलेली, बारीक बारीक ऊर्जा गोळा करून सापाला, पक्ष्याला उचलता येईल अशा गठ्ठ्यात बांधण्याचं काम उभयचर करतात. साप एकेक तुडतुडा टिपत बसला तर उपाशी मरेल. बेडूक मधे असतो म्हणून सापाचं भागतं, आणि साप असतो म्हणून कापणीनंतर बांधातले उंदीर आटोक्यात राहतात. ही मधली पायरी काढली, की वरच्याला खाली पोचता येत नाही.

आता या हिशेबातली खरी मेख. बेडकानं खाल्लेल्या अन्नातला जो भाग त्याच्या अंगी लागत नाही, त्याला पाठ्यपुस्तकं ऊर्जेचा ‘ऱ्हास’ म्हणतात. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर तोच फायदा आहे. पूर्ण वाढलेला बेडूक फारसा वाढत नाही, पण पावसाळ्याच्या प्रत्येक रात्री खातो. त्या रात्रीचे किडे त्याच्या उड्यांत, ओरडण्यात, श्वासात जळून जातात. मांसाच्या रूपात त्यातलं जवळपास काहीच उरत नाही, म्हणून तराजूवरही काही दिसत नाही. दलालानं पैसे मोजले ते अंगी लागलेल्या लहान हिश्श्याचे. शेताला उपयोगी पडणारा मोठा हिस्सा जळून गेलेला होता, आणि जळालेल्या किड्यांचं बिल कोणी काढत नाही.

हे बिल काढायचा आग्रह मुंबईत धरला गेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली हे सलीम अलींचे नातलग. तरुणपणी शिकारी, पुढे पक्षिशास्त्रज्ञ, आणि अनेक वर्षं सोसायटीचे मानद चिटणीस. मुंबई राज्यात १९५१ साली आलेल्या वन्यप्राणी व पक्षी संरक्षण कायद्यामागे त्यांचे कष्ट होते. वाघ-हत्तींच्या मानानं बेडूक हा विषय फुटकळ वाटायचा, पण अब्दुलअलींनी तो चिकाटीनं धरला. १९८५ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये भारतातून होणाऱ्या बेडूक-निर्यातीवर त्यांचा दीर्घ लेख आला. निर्यातविरोधकांचा मुख्य युक्तिवाद रोकडा होता. बेडूक विकून मिळणाऱ्या डॉलरांपेक्षा बेडकाचं काम करायला आणाव्या लागणाऱ्या कीटकनाशकांवर देशाचे जास्त डॉलर जातात.

या युक्तिवादाला एक मर्यादा होती, आणि इतिहास लिहिताना ती नोंदवली पाहिजे. १९७३-७४ मध्ये केरळात, बेडूक-निर्यातीच्या बालेकिल्ल्यात, भातावर तपकिरी तुडतुड्यांची भयंकर साथ आली. तिचा दोष एकट्या बेडूक-पकडीवर टाकता येत नाही. तेव्हाच बुटक्या, भरघोस उत्पन्नाच्या नव्या जाती आल्या होत्या, नत्रखताच्या मात्रा वाढल्या होत्या, आणि फवारणीनं तुडतुड्यांआधी त्यांना खाणारे कोळी मेले होते. बेडूक कोळीही खातो. खाचरात सरळ साखळी नसते, गुंतलेलं जाळं असतं. फवारणीच्या बाजूनंही तेच सिद्ध होतं. विष किड्यांबरोबर त्यांच्या भक्षकांनाही मारतं. मग पाला खाणाऱ्यांची पिढी आठवड्यांत उभी राहते, भक्षकांची राहत नाही. त्यात डीडीटीसारखी विषं शरीराबाहेर सहजी पडत नाहीत. ऊर्जा प्रत्येक पायरीला घटते, विष प्रत्येक पायरीला दाटतं. बेडूक उचलून त्या जागी कीटकनाशकाचा डबा आणला, तर त्यातल्या विषाचा शिल्लक अंश अखेर साप-घारींच्या अंगात जमा होतो.

सरकारपुढे मधला मार्गही सुचवला गेला: रानातले पकडू नका, बेडूक पाळा आणि विका. तोही ऊर्जेच्याच नियमावर अडखळला. मोठा बेडूक हलणाऱ्या भक्ष्यावरच झेप घेतो. निर्जीव गोळीकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे बेडूक पाळायचे तर आधी किडे पाळायचे, आणि किड्यांसाठी पाला पिकवायचा. कोंबडीला धान्य घालून जे मांस मिळतं, त्याच्या एक पायरी वरचं हे मांस. खाचरात ती खालची पायरी फुकट मिळत होती, म्हणून धंदा परवडत होता. पिंजऱ्यात तिची किंमत द्यावी लागली असती.

१९८५ साली वन्यजीव-व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात निर्यात होणाऱ्या या दोन्ही जाती घातल्या गेल्या, म्हणजे व्यापारावर नजर ठेवणं सदस्य देशांना बंधनकारक झालं. दोन वर्षांनी भारतानं निर्यातच थांबवली. बांगलादेशात ती आणखी थोडी वर्षं चालली. १९९० च्या आसपास तिथेही थांबली. युरोपच्या ताटातले पाय मग मुख्यतः इंडोनेशियातून येऊ लागले, आजही येतात. खाणाऱ्यानं सवय सोडली नाही. ओझं एका देशाच्या भातशेतीवरून दुसऱ्याच्या भातशेतीवर सरकलं.

आपल्याकडेही चोरून पकड संपलेली नाही. गोव्यात पहिल्या पावसात ‘जम्पिंग चिकन’ या नावानं काही ठिकाणी बेडूक ताटात येतो, आणि दर जूनमध्ये वनखातं आणि निसर्गप्रेमी गस्त घालतात. पण तीस वर्षांच्या निर्यातीशी त्याची तुलना होत नाही. बंदीनं आपलं काम केलं: साखळीतली काढून घेतलेली पायरी जागेवर राहू दिली.

कायद्याच्या या रीतीची हद्द मात्र भिवंडीतच दिसते. मुंबईची जकात चुकवता येईल इतकी बाहेर आणि महामार्गावरून तासा-दीड तासात मुंबई गाठता येईल इतकी जवळ, या सोयीमुळे काल्हेर, काशेली, राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडे, मानकोली या गावांत १९९० नंतर गोदामं वाढत गेली. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं होतं, त्याचा मालही इकडे वळला. खाचरांत मुरमाचा भराव पडला, वर पत्रे आले. २०१७ साली जकात गेली तरी गोदामं वाढतच राहिली, कारण तोवर घरपोच मालाचा जमाना आला होता. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. एकपिकी, पावसावरच्या भाताचं उत्पन्न आणि गोदामाचं भाडं यांची बरोबरी होत नाही.

बेडूक संरक्षित आहे. त्याला पकडणं गुन्हा आहे. पण मनोरा तळाच्या पायरीवर उभा असतो, आणि तळाची पायरी म्हणजे पानावर पडणारं ऊन. निर्यातीच्या काळात भिवंडीसारख्या मुलखातलं पान शाबूत होतं, मधली पायरी जात होती. म्हणून बंदीनंतर ती परत भरून येणं शक्य होतं. भराव टाकलेल्या खाचरात ऊन पत्र्यावर पडतं. तिथे परत यायला बेडकाला किडा नाही, किड्याला पान नाही. यादीतल्या प्राण्याचं नाव राखून हा तोटा भरत नाही.

१९८७ साली या देशानं एक दुर्मीळ गोष्ट केली: समोर दिसणारे कोटीभर डॉलर सोडले, आणि ते सोडताना जळून गेलेल्या, तराजूवर कधीही न येणाऱ्या किड्यांचं मोल धरलं. जमिनीच्या व्यवहारात तो रकाना अजून उघडलेला नाही. भिवंडीच्या उरलेल्या खाचरांचा भाव ठरवताना भाताचं उत्पन्न आणि भाडं एवढंच मांडलं जातं. पावसाळाभर तिथे फुकट होणारं कीडनियंत्रण, उंदरांवरची सापांची जरब, डासांच्या अळ्या खाणारी बेडकाची पिल्लं, यांचा आकडा काढायचा तर लिंडमनच्या तळ्याइतकं कठीण गणितही लागत नाही. लागते ती अब्दुलअलींसारखी चिकाटी, आणि समुद्राच्या खात्यात गेलेली नोंद शेताच्या खात्यात आणण्याची तयारी.